हात वर केल्याशिवाय

मुरली कुणाच्या घरी गेला की थोड्या वेळात त्या घरच्या मालकासारखा बसायला लागायचा. मालक मांडी घालून एक गुडघा हलवत असेल, तर याचाही गुडघा हलू लागे. मालकाला बोलण्याआधी घसा खाकरायची सवय असेल, तर मुरली पाणी मागायच्या आधी घसा खाकरे. एकदा डोळे दाखवायला गेला आणि डॉक्टरसारखी एक भुवई वर करून घरी आला. ती खाली यायला संध्याकाळ झाली. मी रागावलो तर म्हणाला, "भाऊ, मी करून न्हाई राह्यलो. ते होऊन राह्यलंय."

टीव्हीवर साडी नेसून ओरडणारी आत्या तुम्ही पाहिली असेल. ती करणारा तो हा मुरली, माझा मामेभाऊ. आणि ती आत्या म्हणजे माझी आई.

आमच्या घराण्यात जुन्या गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे ते कुणी दिलेलं नाही, मीच घेतलं आहे. पोटासाठी एका बियाणं कंपनीचं गोदाम सांभाळतो आणि लग्नाकार्यात गोष्टी सांगतो. बायको म्हणते, तुमची गोष्ट सुरू झाली की पंगत लवकर उठते, वाढप्यांना बरं पडतं. तेव्हा मुरलीबद्दल मी लिहितोय यात थोडी जळजळ असेल असं कुणी म्हटलं तर मी नाकारणार नाही. मी पाऊण तास सांगूनही जे लोकांना दिसत नाही, ते तो नुसता पदर सावरून दाखवायचा.

तो पिंपळगाव रेणुकाईहून आमच्याकडे जालन्याला शिकायला आला तेव्हा आठवीत होता. मामानं त्याला एसटीतून उतरवलं, एक कपड्यांची पिशवी आणि एक शेंगांची पिशवी आईच्या हातात दिली आणि म्हणाला, "आक्का, ह्याला माणूस कर." आईनं त्याला आधी जेवायला घातलं. माणूस करण्याचं बहुतेक मागेच राहिलं.

तो आमच्या घरात पहिली गोष्ट शिकला ती आईचं बोलणं. हे बोलणं कसं होतं ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

माझे वडील, आबा (मुरली त्यांना मामा म्हणायचा, आमच्याकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात), एमआयडीसीत लोखंडाच्या री-रोलिंग मिलमध्ये कामाला होते. तापून लाल झालेली सळई रोलमधून सापासारखी बाहेर येते, ती चिमट्यानं धरून पुढच्या रोलमध्ये घालायची. तिथं आवाज एवढा की शेजारच्या माणसाची शिवीसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून मिलवाले हातांनी बोलतात. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. पालथा पंजा दाबला की खाली घे. दोन मुठी छातीपुढे एकमेकींवर आडव्या ठेवल्या की बंद. आणि या सगळ्या खुणांच्या वर एक नियम: खूण करायची आणि थांबायचं. समोरच्यानं हात वर केला म्हणजे त्याला कळलं. त्यानं हात वर केल्याशिवाय लोखंड हलवायचं नाही. आबांच्या पाळीतला एकजण एकदा थांबला नव्हता. पुढे त्याला दुसऱ्या हातानं जेवायला शिकावं लागलं.

आबांचे कान हळूहळू त्या आवाजानं खाल्ले. मग आबांनी मिलमधल्या खुणा घरी आणल्या आणि आईनं त्या आपल्याशा केल्या. बोट गोल फिरलं की उठा, जेवण झालंय. पालथा पंजा म्हणजे बसा, चहा टाकलाय. आडव्या मुठी म्हणजे गॅस संपला, नळ गेला, किंवा तुमच्या बहिणीबद्दल आणखी एक शब्द नको. हातासोबत ती मोठ्यानं बोलायचीही, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. पण प्रत्येक खुणेनंतर ती थांबायची. आबांच्या तोंडाकडे बघायची. आबा हात वर करायचे. मग ती पुढचं बोलायची. त्यांचं भांडणसुद्धा असंच चालायचं. एवढ्या शिस्तीनं भांडणारं जोडपं मी दुसरं पाहिलं नाही. मी आणि बायको भांडताना एकदमच बोलतो आणि कुणाचाच हात वर जात नाही.

मुरलीनं हे सगळं उचललं. पण आमच्या घराण्यात नक्कल करायची एक रीत होती. हळदीच्या संध्याकाळी जेवणं झाली की नकला व्हायच्या. ज्याची नक्कल करायची त्याला समोर खुर्चीवर बसवायचं. नक्कल तोंडावर करायची, पाठीमागे नाही. झाल्यावर खुर्चीतल्या माणसानं "बराबर" म्हणायचं. तो बराबर म्हणाला नाही, तर ती नक्कल तिथंच संपली, पुन्हा कुठेच करायची नाही. मांडवात माइक असायचा, पण नकलेच्या वेळी तो बंद. हा नियम आमच्या शेजारच्या बशीरचाचांचा. मांडव-लाऊडस्पीकरचा धंदा त्यांचा. नकला सुरू झाल्या की ते स्वतः उठून वायर काढायचे आणि म्हणायचे, "घर की बात है, माइक को नै सुनाना."

माझ्या बहिणीच्या हळदीला मुरलीनं पहिल्यांदा आईची नक्कल केली. आईला समोर बसवलं. डोक्यावर टॉवेल घेतला, त्याचं एक टोक दातात धरलं आणि आबांना उठवायला निघाला. आबा मांडवाच्या कडेला जेवून डुलक्या घेत होते. मुरली त्यांच्यापुढे उभा राहिला, पायानं खुर्ची हलवली, त्यांनी डोळे उघडल्यावर बोट वर करून गोल फिरवलं, आणि थांबला. मान किंचित तिरकी, भुवया वर, तोंड अर्धं उघडं. ते थांबणं असं होतं की मांडवातलं एक माणूस श्वास घेईना. आबांनी झोपेतच हात वर केला, उठले, आणि हात धुवायला मोरीकडे गेले. जेवून घटकाही झाली नव्हती.

लोक हसून आडवे झाले. आईनं पदर तोंडाला लावला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. "बराबर," ती म्हणाली. "बिलकुल बराबर. मेल्यानं मलाच उभी केली."

बशीरचाचा माझ्या कानाशी म्हणाले, "इसको माइक की जरूरतच नै."

ते चुकले. मुरलीला माइकची फार गरज होती. कॉलेजच्या गॅदरिंगला त्याला माइक मिळाला आणि तो परत ठेवताना मी त्याला पाहिलं आहे. लेकरू झोळीत ठेवावं तसा ठेवला. मग गणपतीतले कार्यक्रम, शेजारच्या जिल्ह्यांतल्या स्पर्धा, मग मुंबई. तिथं तो कुणाकुणाच्या खोलीत राहिला आणि ज्याच्या खोलीत राहिला त्याच्यासारखा चालू लागला. सुट्टीला यायचा तर दर खेपेला वेगळंच माणूस यायचं. आई दार उघडून आधी निरखायची आणि म्हणायची, "ह्या बारीला कोण आलं?" तो हसायचा, तिच्या पाया पडायचा, आणि दुपारपर्यंत आमचा व्हायचा.

आबा गेले तेव्हा तो आला होता. खांदा दिला. कुणाला दिसू नये म्हणून गच्चीवर जाऊन रडला. तेही मला आबांसारखंच वाटलं, तोंड भिंतीकडे करून.

त्यानंतर काही महिन्यांनी तो टीव्हीवरच्या मोठ्या कार्यक्रमात आला. गल्लीतले सगळे आमच्या घरात. बशीरचाचांनी खुर्च्या आणल्या, भाडं न घेता, ही त्यांच्या आयुष्यातली नोंद घेण्यासारखी गोष्ट. आई पुढे बसली होती, इस्त्रीची साडी नेसून, जणू मुरलीलाही ती दिसणार होती.

तो साडीत आला. "ही आमची जालन्याची आत्या," म्हणाला आणि ओरडला. गल्ली खदखदली. बोट गोल फिरलं, आई हसली. पालथा पंजा, आई आणखी हसली, शेजारणीच्या मांडीवर हात मारला. मुठी आडव्या झाल्या. खुणा एकामागून एक, भराभर, जशा वीटभट्टीवर विटा फेकतात. मग तो खाली वाकून, गुपित सांगितल्यासारखा म्हणाला, "अन् खरं सांगू का? आमचा मामा बहिरा न्हाईच. आत्याचं ऐकावं लागू नये म्हणून सोंग घेतलंय त्यानं."

परीक्षक टेबलावर डोकं आपटून हसले. एक जण तर खुर्चीवरून घसरला, बहुधा तेही ठरलेलं असावं.

आमच्या घरातही थोडे लोक हसले. हसू मध्येच तुटलं आणि सगळे आईकडे न बघता आईकडे बघू लागले. आईचा हात शेजारणीच्या मांडीवर तसाच होता. तिनं तो उचलला आणि पदराखाली घेतला.

चाचा उठून म्हणाले, "चलो, खुर्च्या देव बाबा. सुबह ऑर्डर है." सकाळी त्यांची कुठलीच ऑर्डर नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या एका वाक्यानं मुरलीचं नशीब उघडलं. आत्या दर आठवड्याला येऊ लागली. सोंगाड्या मामा तिच्यासोबत. मग पुरस्कारांच्या सोहळ्यांत निवेदन, दुकानांची उद्घाटनं, कुकरची जाहिरात. सिनेमात आधी नायकाचा मित्र, जो मध्यंतराआधी विहिरीत पडतो आणि नंतर कुणी त्याची चौकशी करत नाही. मग दुसऱ्या सिनेमात बोलका भाऊजी. लोक मला गोदामात येऊन विचारायचे, "मुरली तुमचा कोण लागतो?" सुरुवातीला मी सांगायचो, आणि सांगताना थोडा मुरलीसारखा उभा राहायचो.

आईचं मात्र बाजारात जाणं अवघड झालं. पोरं लांबून मुठी आडव्या करून दाखवायची. भाजीवालीनं एकदा मेथीची जुडी बांधता बांधता सहज विचारलं, "मावशी, काका खरंच सोंग करत होते का वं?" वाईट हेतू नव्हता. टीव्हीवर सांगितलं म्हणजे कुणाला तरी माहीत असणारच, एवढाच तिचा हिशेब.

आई घरी आली, मेथी ओट्यावर ठेवली. "आता मी मेल्यावर त्यान्ला कोन बहिरं म्हननार?" म्हणाली. मी मेथी निवडायला घेतली आणि मुळं ठेवून पानं टाकू लागलो. ती हसलीही नाही. त्या दिवसापासून तिचे हात पदराखाली गेले. बोलायची, पण हळू आणि हात न हलवता. जन्मभर दोन हातांनी बोललेली बाई अशी बोलायला लागली की घसा बसल्यासारखी वाटायची.

मुरलीला तिनं फोनवर काही सांगितलं नाही. तोंडावर सांगायचं म्हणाली.

तो दिवाळीत आला. बरोबर मिठाई आणि भिंतीएवढा नवा टीव्ही. आमच्या भिंतीला तो पेलवेना, म्हणून आबांचा फोटो बाजूला सरकवावा लागला. जेवणं झाल्यावर आईनं स्वतःच खुर्ची ओढली आणि बसली.

"कर," म्हणाली.

"काय करू आत्या?"

"माझी नक्कल. तोंडावर."

मुरली हसला, उठला. टॉवेल घेतला. केली. आवाज, हात, चाल. मी चोरून आईकडे पाहत होतो. तिच्या चेहऱ्यावर काही हलेना.

"हात बराबर हायेत," ती म्हणाली. "पन तू थांबून न्हाई राह्यला."

"आत्या, तिथं थांबलं की मेलं," तो खाली बसत म्हणाला. "जरा गप राह्यलं की कापून टाकतेत. गॅप चालत न्हाई तिथं."

"मी थांबत होते ना रे. त्यान्ला कळलं का बघाया."

मुरलीनं टॉवेलची घडी घातली.

"तू माझी कर," आई म्हणाली. "वरडती म्हन, येडी म्हन, माझं काय जाऊन राह्यलं? पन ते सोंग करत होते म्हनू नको. तुला ठाऊक हाये मुरली. त्यान्चे कान भट्टीपाशी गेले. तुझी फी त्याच भट्टीतून आल्ती."

मुरलीनं तिचे पाय धरले. तो रडला, आणि मी आजही म्हणेन की ते रडणं खरं होतं. आईनं पदरातून हात काढले. कितीतरी दिवसांनी काढले. दोन मुठी छातीपुढे आडव्या केल्या: बंद. आणि थांबली. त्याच्या तोंडाकडे बघत.

मुरलीनं हात वर केला.

आमच्या घरात यापुढे बोलायचं काही उरत नाही. हात वर केला म्हणजे कळलं, आणि कळलं म्हणजे झालं. आईनं त्याला जाताना शेंगांची चटणी दिली, आपल्या हातानं कुटलेली. दुसऱ्या दिवशी मला गॅस संपल्याचं सांगताना मुठी आडव्या केल्या. मला एवढा आनंद झाला की मी सिलिंडर आणायचंच विसरलो.

टीव्हीवर मामा खरंच दिसेनासा झाला. आई म्हणायची, "पोरानं शब्द ठेवला." कार्यक्रम संपला होता म्हणून मामा दिसत नव्हता, हे मला कळलं होतं. पण तिला सांगण्याएवढा मी खरा माणूस नाही.

मग त्याचा स्वतःचा सिनेमा आला. नायक मुरली, आत्याही मुरलीच. जालन्यात पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला तो स्वतः येणार होता. आम्हाला पास पाठवले. फोनवर आईला म्हणाला, "आत्या, तुला सगळ्यात पुढं बसवून राह्यलो. बराबर समोर."

आईनं त्याचा अर्थ आमच्या घरचा लावला. तिला वाटलं, पोरगं रीत पाळतंय. नवी साडी नेसली. बशीरचाचांनाही घेतलं. ते आता काठी टेकत चालतात. पहिल्या रांगेत बसलं की पडद्यावरचं तोंड घराएवढं दिसतं आणि मान मोडते. आई मान वर करून बसली.

मध्यंतरापर्यंत मामा बहिरा होता. आईनं माझ्या हातावर हात ठेवला आणि हलकेच दाबला. मध्यंतर झालं ते असं: आत्या ओरडून ओरडून दमते, खोलीबाहेर जाते, आणि मामा पडद्यावर घराएवढा डोळा मारून म्हणतो, "गेली का?" सगळा सिनेमा त्या एका गोष्टीवर उभा होता. दुसऱ्या अर्ध्यात मामाला सगळं ऐकू येत असतं, म्हणूनच तो सगळ्यांना वाचवतो. थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. मी आईला म्हणालो, चल, जाऊ. ती म्हणाली, "बस. नक्कल पुरी हू दे."

सिनेमा संपला, दिवे लागले आणि मुरली पडद्यापुढे आला. शिट्ट्या, फोन वर. त्यानं घसा खाकरला. कुणाचा घसा होता कोण जाणे. "ज्या बाईनं मला हे दिलं ती बाई इथं बसलीये," तो माइकवर म्हणाला. खाली उतरला, आईपुढे उभा राहिला. "आमच्या घरची रीत आहे. नक्कल तोंडावर करायची, आन समोरच्यानं बराबर म्हनायचं. मी आत्याला समोर बसवून केली. सांग आत्या, बराबर का?"

आणि माइक तिच्या तोंडापुढे धरला.

मला त्या क्षणी कळलं की त्याला खरंच वाटत होतं, त्यानं रीत पाळली. समोर बसवलं होतं. हिशेब पुरा. एवढी चूक करायला आमच्याच घरात वाढावं लागतं.

"माइक बंद कर, मुरली," बशीरचाचा म्हणाले. ते कुणाला ऐकू गेलं नाही.

आई उठली. तिनं माइक घेतला नाही. दोन्ही हात पदरातून काढले आणि मुठी छातीपुढे आडव्या केल्या: बंद.

थिएटर फुटलं. लोकांना वाटलं खरी आत्या आत्याची खूण करून राह्यली. मागून पोरं खुर्च्यांवर चढली, शे-दोनशे मुठी आडव्या झाल्या, सगळ्या आईला दाखवायला.

आई हलली नाही. मुठी तशाच ठेवून ती मुरलीच्या तोंडाकडे बघत थांबली. मान किंचित तिरकी, भुवया वर.

मुरलीला ते थांबणं दिसलं. मी शपथेवर सांगतो, दिसलं. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत उठलाही. मग हशा किंचित ओसरला, आणि ओसरलेला हशा त्याला सोसत नाही. त्यानं माइक काखेत धरला, स्वतःच्या मुठी आडव्या केल्या आणि लोकांकडे वळला. टाळ्या. "ही घ्या, ओरिजिनल!"

आई खाली बसली.

आम्ही गर्दी जाऊ दिली आणि शेवटी बाहेर आलो. चाचांसाठी रिक्षा बघत रस्त्याच्या अलीकडे उभे होतो. पलीकडे मुरलीची गाडी होती. काचा वर, एसी चालू, आत ड्रायव्हर. लोक मुरलीला चारी बाजूंनी ओढत होते, फोटो काढत होते. त्याला गाडी थोडी मागे घ्यायला सांगायचं होतं. आवाज आत जात नव्हता. त्यानं गर्दीतून दोन्ही हात मोकळे केले, काचेतून ड्रायव्हरला पालथा पंजा दाबून दाखवला, मग बोटानं मागे. तोंड मोठं उघडून काहीतरी म्हणाला. आणि थांबला. मान किंचित तिरकी, भुवया वर, अर्ध्या उघड्या तोंडानं ड्रायव्हरकडे बघत. लोक खेचत होते तरी थांबला.

आत ड्रायव्हरनं हात वर केला.

आईनं ते पाहिलं. तिचे हात पदराखाली होते, तिथंच राहिले.

"आता बराबर," ती म्हणाली, आणि रिक्षात चढली.